अर्ज एक, वाटा तीन: कॅलिफोर्निया विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश

कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात ते, दहा कॅम्पसचे एकच सरकारी विद्यापीठ आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅम्पसवर वैद्यकीय आणि पदव्युत्तर शिक्षणच मिळते. पदवीसाठी उरतात नऊ: बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड. या नऊ ठिकाणांसाठी अर्ज एकच भरायचा असतो. एसएटी किंवा एसीटी या अमेरिकन प्रवेश परीक्षांचे गुण प्रवेश ठरवताना पाहिलेच जात नाहीत. शिक्षकांची शिफारसपत्रे लागत नाहीत. बर्कली तेवढी काही अर्जदारांकडे ती नंतर मागवते. गुणपत्रिकाही जोडायची नसते. सगळे विषय आणि सगळे गुण विद्यार्थ्याने स्वतः टाइप करायचे.

सर्वात जास्त घोळ या शेवटच्या सवलतीमुळे होतात. कागद मागत नाहीत म्हटल्यावर आकडे आठवणीने भरले जातात, एखादी शाळा गाळली जाते, एखादा नावडता विषय ‘तो काही महत्त्वाचा नाही’ म्हणून सोडला जातो. कागद मागितले जातात ते प्रवेश मिळाल्यावर, आणि तोवर इतर ठिकाणच्या जागा सोडून दिलेल्या असतात. अर्जातला आकडा कागदाशी जुळला नाही तर दिलेला प्रवेश काढून घेण्याचा अधिकार विद्यापीठाने राखलेला आहे आणि तो वापरलाही जातो. म्हणून अर्ज उघडण्यापूर्वी नववीपासूनची प्रत्येक गुणपत्रिका समोर टेबलावर हवी.

आधी तीन प्रश्न सोडवा

पहिल्या वर्षाचा, ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षात येणारा) आणि आंतरराष्ट्रीय असे विद्यार्थ्यांचे तीन गट असतात आणि आपण त्यातल्या एकात बसतो, असा समज सर्रास आढळतो. खरे तर हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे द्यायचे असते. प्रवेश पहिल्या वर्षाला हवा की ट्रान्सफर म्हणून? शुल्कापुरते तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी आहात का? आणि अमेरिकेत कोणत्या व्हिसावर शिकणार? सांगलीहून बारावी करून येणारी मुलगी पहिल्या वर्षाची, अनिवासी आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसाची. तीच मुलगी आधी क्युपर्टिनोच्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणारे सरकारी कॉलेज) दोन वर्षे शिकली तर ट्रान्सफर, अनिवासी, एफ-१. आणि फ्रीमाँटमध्ये एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आईवडिलांबरोबर राहणारा मुलगा पहिल्या वर्षाचा असतो, नागरिक नसतो, पण शुल्कापुरता रहिवासी ठरू शकतो. तिघांच्या गुणांच्या अटी, खर्च आणि कागदपत्रे वेगळी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर पुढचे सगळेच चुकते. बारावीनंतर कोणत्याही महाविद्यालयाच्या नियमित सत्रात नाव नोंदवले असेल, तर यूसीच्या दृष्टीने तुम्ही पहिल्या वर्षाचे अर्जदार राहत नाही. अमेरिकेचा निकाल येईपर्यंत वर्ष वाया नको म्हणून पुण्यात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारे विद्यार्थी इथे अडकतात. पहिल्या वर्षाचा अर्ज भरता येत नाही, आणि ट्रान्सफरला लागणारी दोन वर्षांची क्रेडिट्स हातात नसतात. बारावीनंतर एक वर्ष घरी राहून प्रवेश परीक्षांची तयारी केली, कुठेच नाव घातले नाही, तर मात्र पहिल्या वर्षाचा हक्क शाबूत राहतो. बारावीच्या सुट्टीत केलेला एखादा छोटा कोर्सही आड येत नाही.

याच संदर्भात महाराष्ट्रातल्या मुलांसाठी एक खास खड्डा आहे. आपल्याकडे अकरावी-बारावी ‘ज्युनिअर कॉलेज’मध्ये होते. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज हे कम्युनिटी कॉलेजचे जुने नाव आहे. नावात ‘कॉलेज’ आहे म्हणून अकरावी-बारावीची माहिती महाविद्यालयाच्या रकान्यात भरली, तर अर्ज वाचणाऱ्याला वाटते की मूल दहावीनंतर शाळा सोडून कॉलेजात गेले. अकरावी-बारावी हे माध्यमिक शिक्षण आहे. ते हायस्कूलच्या विभागातच, दहावीच्या शाळेनंतरची दुसरी शाळा म्हणून भरा. ‘अतिरिक्त माहिती’च्या चौकटीत एक ओळ लिहा: महाराष्ट्रात इयत्ता ११ आणि १२ यांना ज्युनिअर कॉलेज म्हणतात आणि ही संस्था पदवी देत नाही.

दहावी-अकरावीचे गुण

आपल्याकडे सगळे वजन बारावीच्या बोर्डावर असते. यूसीचा अर्ज नोव्हेंबरअखेर जातो, तेव्हा बारावीची बोर्डाची परीक्षाही झालेली नसते. निवड करताना हाताशी असतात ते दहावी आणि अकरावीचे गुण. नववीचे विषय आणि गुणही भरावे लागतात. म्हणजे महाराष्ट्रात जे वर्ष विश्रांतीचे मानले जाते, त्या अकरावीवर इथे बरेच काही ठरते. क्लास आणि कॉलेज एकत्र चालणाऱ्या ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत अकरावीची अंतर्गत परीक्षा उरकून टाकण्याकडे कल असतो. पंचावन्न टक्क्यांची अकरावी आणि पुढे पंच्याण्णव टक्क्यांची बारावी, हे चित्र जेईईला चालते. यूसीला त्यातला पहिला अर्धाच दिसतो. अमेरिकेचा विचार असेल तर तो दहावीचा निकाल लागण्याआधीच सुरू व्हायला हवा.

किमान सरासरी रहिवाशांना ३.० आणि बाहेरच्यांना ३.४, चारच्या मोजपट्टीवर. ही अर्ज विचारात घेण्याची पात्रता आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला प्रत्यक्ष निवड होणाऱ्यांचे गुण याच्या कितीतरी वर असतात.

कॅलिफोर्नियातल्या शाळांसाठी ‘ए-जी’ नावाची विषयांची चौकट आहे: इतिहास-समाजशास्त्र २ वर्षे, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, कला १ आणि एक वर्षाचा ऐच्छिक विषय. एकूण १५, त्यांपैकी ११ अकरावी संपेपर्यंत पूर्ण. परदेशातून अर्ज करणाऱ्याकडून ही चौकट तंतोतंत भरण्याची अपेक्षा नसते. आपल्या देशात विद्यापीठात प्रवेशास पात्र करणारे प्रमाणपत्र आणि शैक्षणिक विषयांत उत्तम गुण, ही मुख्य अट. तरी विषय निवडताना ही चौकट डोळ्यांपुढे ठेवावी, विशेषतः गणिताच्या बाबतीत. कॉमर्सला अकरावीत गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस) घेतलेले मूल अर्थशास्त्रासाठी अर्ज करते तेव्हा त्याची बाजू कमकुवत पडते, कारण यूसीत अर्थशास्त्राची सुरुवातच कॅल्क्युलसने होते. गणित सोडून फक्त जीवशास्त्र घेतलेल्यांचेही तेच: तिथल्या जीवशास्त्राच्या पदवीत कॅल्क्युलस येतेच.

आकडे भरताना

अर्ज १ ऑगस्टला उघडतो आणि १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळात सादर करता येतो. शेवटचा दिवस शनिवार-रविवारी आला तर कधी एखाद-दोन दिवस वाढवून मिळतात, पण त्यावर विसंबू नका. मुदत कॅलिफोर्नियाच्या वेळेनुसार रात्री ११.५९ ची. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारचा दीड वाजायला एक मिनिट असते.

गुण जसे कागदावर आहेत तसेच भरा. टक्क्यांचे जीपीए (चारच्या मोजपट्टीवरची सरासरी) करू नका, ९१ चा ‘ए’ करू नका. संकेतस्थळांवर मिळणारी रूपांतराची कोष्टके इथे कामाची नाहीत. रूपांतर विद्यापीठ स्वतः करते.

दहावीच्या एसएससी गुणपत्रिकेवर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची, म्हणजे ५०० पैकी बेरीज असते आणि तीत कला-क्रीडेचे वाढीव गुणही मिळवलेले असू शकतात. अर्जात ती बेरीज किंवा टक्केवारी भरायची नसते. सहाही विषय, प्रत्येकाचे १०० पैकी मिळालेले गुण, अशी नोंद करायची. सहावा, कमी गुणांचा विषय गाळला तर तो लपवल्यासारखा दिसतो.

नववीची गुणपत्रिका बहुतेक घरांत सापडत नाही. शाळेत जाऊन रजिस्टरवरून लेटरहेडवर विषयवार गुण लिहून घ्या, सही-शिक्क्यासह. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करा. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे कार्यालय बंद असते आणि अर्जाची धावपळ नेमकी तेव्हाच सुरू होते. बोनाफाईड किंवा शाळा सोडल्याचा दाखला याला पर्याय नाही, कारण त्यात गुण नसतात. मराठी माध्यमाच्या शाळेने गुणपत्रक मराठीत दिले असेल, तर मूळ प्रतीबरोबर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल.

बारावीचे विषय ‘चालू आहेत’ अशा खुणेने भरायचे. अपेक्षित गुण लिहायचे नाहीत. अर्ज गेल्यावर बारावीचा एखादा विषय बदलला किंवा सोडला, तर ज्या ज्या कॅम्पसला अर्ज केला आहे त्या प्रत्येकाला कळवावे लागते.

नाव पासपोर्टप्रमाणे. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव वेगळे असते. पासपोर्टवर वडिलांचे नाव बहुधा ‘गिव्हन नेम’मध्ये गेलेले असते. दोन्हीकडचे स्पेलिंग एक नसेल (पाटील, देशमुख यांसारख्या आडनावांत एक अक्षर इकडेतिकडे झालेले सहज सापडते), तर अर्जात ‘आधीची नावे’ विचारली आहेत तिथे दुसरे स्पेलिंग नोंदवा, म्हणजे कागद दुसऱ्याच कुणाचा समजला जाणार नाही.

ईमेल विद्यार्थ्याचा स्वतःचा द्या. वडिलांच्या ऑफिसचा देऊ नका, आणि सल्लागार संस्थेचा तर मुळीच नको. अर्जानंतर प्रत्येक कॅम्पस त्याच पत्त्यावर आपल्या पोर्टलची माहिती पाठवतो. शिवाय काही अर्जदार निवडून त्यांच्याकडे अर्जातल्या दाव्यांचा पुरावा मागितला जातो: अमुक ठिकाणी काम केले म्हणता, तिथले पत्र पाठवा. मुदतीत उत्तर गेले नाही तर अर्ज सगळ्या कॅम्पसवरून रद्द होतो. ही ईमेल दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहणे परवडणारे नाही.

शुल्क प्रत्येक कॅम्पसमागे, आंतरराष्ट्रीय अर्जदारांना ९५ डॉलर. अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर, आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना चार कॅम्पसपर्यंत माफी; ही माफी परदेशी अर्जदारांना नाही. पाच कॅम्पस निवडले तर ४७५ डॉलर एकदम जातात आणि परत मिळत नाहीत. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार बंद ठेवलेले असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा. शेवटच्या दिवशी कार्ड नाकारले गेले तर पाठवायला तयार असलेला अर्जही जागीच राहतो.

‘सबमिट’ केल्यावर गुण आणि उत्तरे बदलता येत नाहीत. म्हणून आधी पूर्ण अर्जाची प्रत काढून, गुणपत्रिकांवर बोट ठेवत, घरातल्या दुसऱ्या कुणाकडून एकेक आकडा ताडून घ्या. एका संध्याकाळचे काम आहे.

उपक्रम, आणि साडेतीनशे शब्दांची चार उत्तरे

उपक्रम आणि पुरस्कारांच्या विभागात वीसपर्यंत नोंदी करता येतात. प्रत्येकीच्या वर्णनाला ३५० अक्षरांची मर्यादा. शब्द नव्हे, अक्षरे. म्हणजे जेमतेम तीन-चार वाक्ये. आपल्याकडची मुले इथे स्वतःला उगाच कमी लेखतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा, गांधर्व महाविद्यालयाच्या तबल्याच्या किंवा गायनाच्या परीक्षा, एनसीसी, गणेश मंडळाचा हिशेब सांभाळणे, उन्हाळ्यात वडिलांच्या किराणा दुकानात किंवा शेतात केलेले काम, घरी आजीची शुश्रूषा, हे सगळे इथे बसते. पण ‘इंटरमिजिएट, ए ग्रेड’ एवढ्यावरून सॅन डिएगोत बसलेल्या वाचकाला काहीही कळत नाही. लिहायचे असे: राज्य सरकारची चित्रकलेची परीक्षा, कोणकोणते पेपर, किती वर्षे तयारी, कोणती श्रेणी. आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हेही विचारतात. ते आकडे खरे द्या. आठवड्याला चाळीस तास क्लास आणि वीस तास समाजसेवा अशी बेरीज वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

मग ‘पर्सनल इन्साइट क्वेश्चन्स’. आठ प्रश्नांतले कोणतेही चार, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द. प्रश्न साधे आहेत: नेतृत्व, सर्जनशीलता, सर्वात मोठे कौशल्य, शिक्षणातली संधी किंवा अडथळा, सर्वात कठीण प्रसंग, आवडता विषय, समाजासाठी केलेले काम, आणि आणखी काही सांगायचे असल्यास ते. कोणत्याही प्रश्नाला जास्त गुण नसतात. इतर विद्यापीठांसाठी लिहिलेला साडेसहाशे शब्दांचा निबंध कापून इथे चिकटवू नका. तो प्रकार वेगळा. तिथे सुरुवातीला वातावरण उभे करायला जागा असते, इथे नसते. आपल्या शाळांत शिकवलेली निबंधाची सवय, म्हणजे सुभाषिताने सुरुवात आणि उपदेशाने शेवट, इथे शंभर शब्द खाऊन जाते. मुलाखतीत कुणी समोर बसून प्रश्न विचारला तर जसे उत्तर द्याल तसे लिहा. काय होते, तुम्ही काय केले, त्याने काय बदलले. ‘आम्ही’ कमी, ‘मी’ जास्त. आपल्या वळणाला हे अवघड जाते, पण मंडळाच्या पन्नास जणांत तुमचा वाटा कोणता हेच त्यांना हवे आहे. चार उत्तरांतून चार वेगळ्या बाजू दिसायला हव्यात; चारही उत्तरे रोबोटिक्सवर नकोत. उत्तरे चोरलेली आहेत का, हे विद्यापीठ तपासते, त्यामुळे विकत घेतलेला मजकूर थेट धोका आहे.

इंग्रजी आणि विषयाची निवड

इंग्रजीसाठी टोफेल (जुन्या १२० च्या मोजपट्टीवर किमान ८०), आयईएलटीएस (किमान ६.५) किंवा डुओलिंगो (किमान ११५). काही कॅम्पसची अपेक्षा याहून चढी असते. माध्यम मराठी असो, सेमी-इंग्लिश असो की इंग्रजी, महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्याने परीक्षा द्यायची आहे असेच धरून चालावे. सूट नंतर कळली तर नुकसान काही नाही; परीक्षा लागते हे जानेवारीत कळले तर मात्र धावपळ होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देऊन मोकळे व्हा.

मुख्य विषय प्रत्येक कॅम्पससाठी वेगळा निवडता येतो आणि त्याचे वजन प्रत्येक ठिकाणी सारखे नसते. लॉस एंजेलिसच्या लेटर्स अँड सायन्स (कला आणि विज्ञान) विभागात पहिल्या वर्षाच्या निवडीत विषय विचारात घेतला जात नाही; तिथल्याच इंजिनीअरिंगला घेतला जातो. बर्कलीला संगणकशास्त्रासारख्या मोठ्या मागणीच्या विषयात सुरुवातीलाच प्रवेश मिळवावा लागतो. ‘आत्ता सोप्या विषयाला घुसू, मग बदलून घेऊ’ हा सल्ला गावोगाव ऐकू येतो. संगणकशास्त्र आणि इंजिनीअरिंगच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. बहुतेक कॅम्पसवर नंतरचे ते दार फार अरुंद असते.

ट्रान्सफरची वाट

कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्चशिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ स्वीकारला. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे करून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याची वाट त्या आराखड्याचा कणाच आहे. त्यामुळे यूसीत ट्रान्सफरला पहिला अग्रक्रम कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना मिळतो. भारतातल्या पदवीच्या दुसऱ्या वर्षातून थेट अर्ज करता येतो, पण रांगेत तुम्ही त्यांच्या मागे असता आणि कोणते विषय धरले जातील ते आधी सांगता येत नाही. त्याच मुलाने एफ-१ व्हिसावर कम्युनिटी कॉलेज गाठले तर तो अग्रक्रमाच्या रांगेत येतो. आमच्या मते, बारावीला गुण मध्यम आणि पुढे मेहनतीची तयारी असलेल्या विद्यार्थ्यासाठी ही वाट सर्वात भरवशाची आहे. आपल्याकडे तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही हे खटकते. इथे निवडीत कॉलेजातले गुण पाहतात. अकरावी बिघडली म्हणून दार बंद होत नाही.

अटी अशा. तिसऱ्या वर्षात जाण्याच्या आधीच्या वसंत सत्राअखेर (मे-जून) यूसीला चालणारी ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट्स. युनिट म्हणजे कोर्सचे क्रेडिट; सेमिस्टरच्या पद्धतीत वर्षाची मुख्य सत्रे दोन, क्वार्टरच्या पद्धतीत तीन. त्यांत इंग्रजी लेखनाचे २ कोर्स, गणिताचा १, आणि कला-मानव्य, समाजशास्त्रे, विज्ञाने यांपैकी किमान दोन गटांतले ४. प्रत्येकात किमान ‘सी’. सरासरी रहिवाशांना २.४, अनिवासींना २.८. इंग्रजी लेखनाचे हे दोन कोर्स नीट पार पडले की इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही.

दीड युनिट क्वार्टरचे म्हणजे एक युनिट सेमिस्टरचे, हे विसरू नका. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, बहुतेक इतर कम्युनिटी कॉलेजे सेमिस्टरवर. दोन्हीकडे कोर्स केले असतील तर बेरीज करण्यापूर्वी रूपांतर करा. नुसती युनिट्स मोजून ‘साठ झाली’ म्हणणाऱ्यांची नंतर आठ-दहा कमी भरतात.

कोणता कोर्स कोणत्या कॅम्पसला, कोणत्या विषयासाठी चालतो, हे ‘असिस्ट डॉट ऑर्ग’ या सरकारी संकेतस्थळावर कॉलेज आणि कॅम्पस निवडून पाहता येते. पहिल्या सत्राची नोंदणी करण्याआधी ती यादी छापून घ्या. इंजिनीअरिंग आणि संगणकशास्त्रासाठी तर हे अनिवार्य समजा. सगळ्या शाखांना समान अशा सामान्य शिक्षणाच्या कोर्सचा एक संच असतो (२०२५ पासून त्याचे नाव ‘कॅल-गेट्सी’), तो पूर्ण करण्याच्या नादात इंजिनीअरिंगची मुले कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राची साखळी मागे टाकतात आणि नाकारली जातात. डी अँझात कॅल्क्युलसचेच चार क्वार्टर आहेत, वर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जेब्रा. पुढचा कोर्स मागचा झाल्याशिवाय मिळत नाही. पहिल्या वर्षाच्या सप्टेंबरमध्येच कॅल्क्युलस सुरू केले नाही तर दुसऱ्या वर्षाच्या जूनपर्यंत साखळी पुरी होत नाही.

सहा कॅम्पस ‘टॅग’ नावाची प्रवेशहमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. हमी एकाच कॅम्पसची मागता येते, मुदत १ ते ३० सप्टेंबर. त्या वेळेपर्यंत ३० सेमिस्टर (४५ क्वार्टर) युनिट्स झालेली हवीत. सरासरीची अट किमानपेक्षा वरची, कॅम्पस आणि विषयानुसार बदलणारी, आणि काही लोकप्रिय विषय हमीतून वगळलेले. टॅग भरल्यावरही नोव्हेंबरचा नेहमीचा अर्ज वेगळा भरावाच लागतो. तो राहिला तर हमी संपली. त्या अर्जात ट्रान्सफरसाठी एक प्रश्न सक्तीचा असतो, निवडलेल्या विषयाची तयारी कशी केली याचा. उरलेल्या सातांतले तीन निवडायचे. पुढे ३१ जानेवारीपर्यंत ‘ट्रान्सफर ॲकॅडेमिक अपडेट’ भरायचे असते: शरद सत्राचे (सप्टेंबर-डिसेंबर) गुण आणि वसंतातले विषय. ते न भरल्यामुळे चांगले अर्ज मागे पडतात.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

एच-४ वरच्या मुलाला ‘आंतरराष्ट्रीय’ समजून त्याच्यासाठी अनिवासी शुल्काची तजवीज करणारी कुटुंबे आहेत. एच-१बी आणि एच-४ धारकांना कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरता येते. एफ-१ धारकांना येत नाही. आईवडील एक वर्षाहून अधिक (किमान ३६६ दिवस) राज्यात राहत असल्याचे आणि तिथेच राहण्याचा इरादा असल्याचे पुरावे लागतात: राज्याचा कर, वाहन परवाना, भाडेकरार. प्रवेश स्वीकारल्यावर रहिवासाचे निवेदन भरावे लागते. ते सगळ्यांनाच भरायचे असते. न भरल्यास अनिवासी शुल्क लागते. २०२५-२६ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी अनिवासी अधिभार ३७,६०२ डॉलर होता, तोही नेहमीच्या शुल्कावर. मूल २१ वर्षांचे झाले की एच-४ संपतो. पदवी संपण्याआधी तो वाढदिवस येत असेल, तर व्हिसा बदलण्यापूर्वी कॅम्पसच्या रहिवास विभागाशी बोलून घ्या.

आठवी-नववीनंतर महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या मुलांनी भारतातली शाळा अर्जात वेगळी दाखवावी आणि तिथले गुण टक्क्यांतच द्यावेत, अमेरिकन शाळेने त्यांचे अक्षरांत रूपांतर केले असले तरी. सहावी किंवा त्यापुढच्या वर्गांत दोन वर्षे मराठी माध्यमात ‘सी’ किंवा वरच्या दर्जाने शिकले असतील, तर ‘दुसरी भाषा’ ही अट तेवढ्यावर पूर्ण होते. ती गुणपत्रिका जपून ठेवा, म्हणजे स्पॅनिशची दोन वर्षे दुसऱ्या विषयाला मिळतात.

निकालानंतर

पहिल्या वर्षाचे निकाल मार्चअखेरपर्यंत येतात आणि १ मेपर्यंत होकार कळवायचा. ट्रान्सफरचे निकाल एप्रिलअखेर, होकार १ जूनपर्यंत. मिळालेला प्रवेश सशर्त असतो. अटींचे पत्र पोर्टलवर असते, ते शेवटपर्यंत वाचा. अंतिम गुणपत्रिका १ जुलैपर्यंत पोहोचायला हव्यात. बारावीचा निकाल मे महिन्यात ऑनलाइन लागतो, पण छापील गुणपत्रिका कॉलेजात यायला आणखी दिवस जातात. ती येताच कॉलेजकडून प्रती प्रमाणित करून, बंद पाकिटावर सही-शिक्का घेऊन पाठवा. नववी-दहावीच्या शाळेचे पाकीट वेगळे. कॅम्पस कोणत्या मार्गाने स्वीकारतो ते त्याच्या पोर्टलवर पाहा. पुनर्मूल्यांकनात गुण बदलले तर दोन्ही गुणपत्रिका पाठवा.

एफ-१ साठी कॅम्पसकडून ‘आय-२०’ (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा अधिकृत फॉर्म) मिळतो. तो मिळायला पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय कागदावर दाखवावी लागते: बँकेचे पत्र, मुदत ठेवी, शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र. राहणे-जेवण धरून अनिवासी विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या घरात जातो. गरजेवर आधारित आर्थिक मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. हा आकडा नोव्हेंबरमध्ये, अर्ज पाठवण्याआधी, घरात मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे.

‘आय-२०’ आल्यावर सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर भरा, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरा, व्हिसाचे १८५ डॉलर भरा आणि मुलाखतीची वेळ घ्या. इथे एक फरक ध्यानात असू द्या. बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर चालतात आणि ऑगस्टअखेर सुरू होतात. बाकीचे सात क्वार्टरवर, सप्टेंबरअखेर. बर्कलीला निघालेल्या मुलाला व्हिसासाठी जवळजवळ एक महिना कमी मिळतो, म्हणून त्याने ‘आय-२०’ ची कागदपत्रे होकार दिल्याच्या आठवड्यातच पाठवावीत. आय-२० वरील सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासूनच अमेरिकेत प्रवेश मिळतो, त्याआधी नाही; तिकीट काढताना ही तारीख पाहा. आणि विमानात आय-२०, आर्थिक कागद आणि मूळ गुणपत्रिका हातातल्या पिशवीत ठेवा. उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीशी पोहोचाल तेव्हा मोठ्या बॅगा मिळालेल्या नसतात.